पाणसळ

सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा सुतारकामाचं दुकान कोण चालवणार, हा प्रश्न घरात आला. नवऱ्याला लाकडाची आवड नाही, तो ट्रक चालवायचा. उरलो धाकटा दीर आणि मी. रंधा मारायला मला सासऱ्यांनीच शिकवलं होतं.

एके दिवशी ते म्हणाले, "सूनबाई, औषधवाल्या बाईंचं काउंटर तू एकटीने कर. नीट बसलं तर दुकान तुझं. नाही बसलं तर याचं."

दीर हसले. "मग मी आत्ताच झाडलोट करून ठेवतो."

काउंटर भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब होतं. त्यावर औषधं मोजायचा नाजूक तराजू बसायचा होता, म्हणून तसूभरही उतार चालणार नव्हता. मी प्रत्येक पायाच्या वर, फळीवर, सपाटी बघायची पाणसळ ठेवून काचेतला बुडबुडा मधोमध आणला. शेवटचा स्क्रू पिळून मागे सरले, तर औषधवाल्या बाई डोकं तिरकं करून बघत होत्या.

"उजवीकडे उतरलंय हो."

माझ्याही डोळ्यांना तसंच दिसत होतं. खोली जुनी, जमीन दाराकडे ढळलेली, छताचा वासा उलट्या बाजूला झुकलेला; डोळ्याने ताडून बघायला सरळ असं काहीच नव्हतं.

"भावोजी, बुडबुडा बघा."

"तो माझ्या जन्माआधीचा आहे, वहिनी. म्हातारपणी तोही खोटं बोलत असेल."

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले सासरे काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बघत होते.

त्याच महिन्यात मी लेकीकडून अक्षरं शिकत होते. एकेका हत्याराचं नाव पाटीवर लिहायचं, असं तिनं लावून दिलं होतं. पाणसळ लिहिताना सासरे म्हणाले होते, "यातलं पाण म्हणजे पाणीच. आमच्या आजोबांकडे काचेचा बुडबुडा नव्हता, ते पाण्यालाच विचारायचे."

मी औषधवाल्या बाईंकडून लांब पारदर्शक नळी मागून घेतली, पाण्याने भरली, आतली हवा टिचक्या मारून काढली. एक टोक मी धरलं, दुसरं दिरांच्या हातात दिलं.

"तुम्हीच धरा. नंतर म्हणाल मी फसवलं."

नळीतलं पाणी खाली-वर डुलत राहिलं. मग थांबलं. काउंटरपासून पाण्यापर्यंतच्या उंचीएवढी काडी मी कापली आणि सरकवत त्यांच्याकडे पाठवली. त्यांनी ती नळीशेजारी उभी केली. बघितली. उलटी करून पुन्हा उभी केली.

"काय झालं भावोजी, काडी बोलेना का?"

"बोलते आहे," ते म्हणाले. "पाणी काडीच्या टोकालाच आहे. तेही वहिनीच्याच बाजूचं निघालं."

औषधवाल्या बाईंनी वाकून स्वतः बघितलं, मग आतून तराजू आणून ठेवला. दोन्ही रिकामी पारडी समोरासमोर आली. काटा हलला नाही.

सासरे काठी टेकत उठले. काउंटरवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला आणि कमरेची दुकानाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी घरी मी मान ताठ ठेवून गेले, आणि आजही ती तशीच आहे.

दुकानाची नवी पाटी मी स्वतः रंगवली. नाव एकच लिहिलं, पाणसळ. शेवटचा ळ जरा फुगला.

दीर लांबून बघून म्हणाले, "पाटी तिरकी लागली आहे, वहिनी."

मी म्हटलं, "नळी आणा."