आमंत्रणाला नाही म्हणू नये

माझ्या मितेशला हापिसातून काढलं ते दिवाळीच्या तोंडावर. माणूस काढला, पण कॅलेंडरातून त्याचं नाव काढायला विसरले. भिंतीवरचं कॅलेंडर नव्हे, त्यात निदान तिथी तरी कळते. हे मोबाइलमधलं, सगळ्या हापिसाचं मिळून एक. तिकडे ठाण्यात कुणी मीटिंग टाकली की इकडे कोपरीत ह्याचा फोन टिंग करायचा, आणि हा भरल्या ताटावरून उठायचा.

"बघ आई, विसरले नाहीत मला. हेमा मॅडम म्हणालेल्या, परत बोलवू म्हणून."

"हाकलताना सगळेच गोड बोलतात रे," मी म्हणायची. ऐकतोय कोण? रोज शर्टाला इस्त्री, दाढी गुळगुळीत, आणि खाटेवर फोन घेऊन बसलेला. नवरदेव, पण वरात कुठली!

माझा भाऊ देवराम कल्याणला धान्याच्या पेढीवर दिवाणजी आहे. शेठच्या हातापाया पडून त्याने मितेशसाठी जागा अडवून ठेवलेली. "अक्का, सोमवारी पाठव. त्यापुढे शेठ थांबायचा नाही." आणि आमचे साहेब म्हणतात, मी तिकडे चिकटलो आणि इकडून बोलावणं आलं तर?

म्हणजे ही टिंगटिंग थांबल्याशिवाय हा कल्याणला जायचा नाही. मी सुनेला म्हटलं, "रसिका, तुझं ते बारावीचं शिक्षण लाव जरा कामाला."

तो आंघोळीला गेला की ती फोन घ्यायची. एकेक मीटिंग पुसली. दुसऱ्या दिवशी परत हजर, झुरळासारख्या. आवाज बंद केला. त्याने तो चालू केला. शेवटी म्हणाली, "आई, हे आपल्याकडून बंद होणारं नाही. नाव त्यांनीच काढायला पाहिजे. नाहीतर एकेकीला 'नाही' कळवत बसायचं. हे बघा, खाली तीन बटणं. होय, नाही, कदाचित."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. फोन माझ्या हातात कोंबून ती आत पळाली.

मी दुसरी शिकलेली, तेवढं मला वाचता येतं. पण आमंत्रणाला नाही? आमच्यात दारात कुणी अक्षता घेऊन आलं तर, जायचं नसलं तरी हात पुढे करायचा आणि येतो म्हणायचं. बोलावणाऱ्याचा मान राहतो, आणि तो पुन्हा पुन्हा उंबरा झिजवत नाही. मी दिसतील तेवढ्या सगळ्यांना 'होय' दाबलं.

दुपारी फोन वाजला. हेमा मॅडम! लग्नात हार घालतानाही पोरगा एवढा उजळला नव्हता. आम्हीही ऐकावं म्हणून त्याने स्पीकर लावला.

"अरे मितेश, तू सगळ्या मीटिंगला येतोयस असं दिसतंय इथे. सगळे हसतायत! सॉरी हं, तुझं नाव काढायचं राहिलेलं. आत्ताच काढलं. आता त्रास नाही होणार तुला."

"मॅडम, तुम्ही म्हणालेलात, परत..."

"हो रे, बघू." आणि ठेवला.

त्याने आमच्या दोघींकडे पाहिलं. "कोणी दाबलं?"

"मी," मी म्हटलं. "आणि झालं ते बरं झालं. आता सोमवारी मुकाट कल्याण गाठ."

ओरडला असता तर परवडलं असतं. आतल्या खोलीत गेला आणि कडी घातली.

सोमवार गेला. देवरामाच्या शेठने दुसऱ्याला बसवलं. फोन गप्प. इस्त्री कपाटावर, दाढी छातीला लागायची बाकी. रसिकाने दारात ठेवलेलं ताट अर्धं परत यायचं. हाका मारून माझा घसा बसला, आणि मी कुणाला दोनदा हाक मारणारी बाई नव्हे.

रविवारी त्याच्या आवडीचं बांगड्याचं कालवण केलं. रसिकाला म्हटलं, "तुझ्या फोनातल्या कॅलेंडरातून आपल्यालाही आमंत्रण धाडता येतं ना? धाड. लिही, जेवायला ये, आई थांबलेय."

भिंतीपलीकडे टिंग झालं. खाट करकरली. मी पदर खोचून त्याचं ताट वाढायला घेतलं, रस्सा जरा जास्तच घातला.

रसिका हातातल्या फोनकडे बघत राहिली.

"अगं, काय म्हणतोय?"

मग मीच तिच्या हातातून फोन घेतला आणि वाचलं.

नाही.