नाळेवरच्या हेडबाई

आमच्या ह्यांचा पाय मोडला तो समुद्रात नाही, बाथरूममधला बल्ब बदलताना. मुद्दाम सांगते, कारण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे 'डेकवरून घसरलो' असं ठोकून देत होते. गुडघ्यापासून खाली प्लास्टर, पायाखाली तीन उशा आणि हातात फोन. त्या फोनवर मंगळवारी सकाळी, आमची बोट जिथे उभी असते त्या मरीनाच्या ऑफिसमधून निरोप आला: दुपारी वादळी वारा सुटणार, आपापल्या बोटी नीट बांधून घ्या.

"तू जा," हे म्हणाले.

मी पस्तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते. बांधायचं म्हणजे मला बँडेज माहीत.

"एकटीला जमणार नाही. धाकटीला बोलव," हे म्हणाले, आणि लगेच पेपरमागे लपले.

धाकटी म्हणजे यांची बहीण, माझी नणंद. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. पाठीमागे सगळं घर तिला हेडबाई म्हणतं. आमचं सात महिने बोलणं नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा हेडबाईंनी सेवेचं वेळापत्रक बनवलं होतं. चाळीस-चाळीस मिनिटांचे तास, रंगीत पेन्सिलींनी आखलेले. त्यात सहा दिवस माझे आणि रविवारची दुपार त्यांची. मी ते त्यांच्यासमोर फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि वर झाकण आपटलं. त्यानंतर आम्ही समोरासमोर आलो ते थेट अंत्यविधीला. मधे सासूबाई होत्या, म्हणून निभावलं.

मी फोन लावला. "वन्सं, बोट बांधायचीय."

"किती वाजता?" एवढंच.

हेडबाई आल्या त्या हनुवटीपर्यंत बटणं लावलेल्या रेनकोटात, गळ्यात खेळाच्या तासाची शिट्टी अडकवून. "एक शिट्टी म्हणजे ओढ, दोन म्हणजे सैल सोड," त्यांनी मला बजावलं. मी हो म्हटलं. वाद घालायला दिवस पडला होता.

मरीनात वाऱ्याने आधीच जोर धरला होता. शंभरेक डोलकाठ्यांवर दोऱ्या अशा आपटत होत्या की जणू पंगतीला बसलेले सगळे एकदम ताटं बडवताहेत. आमची बोट छोटी, पांढरी, एका डोलकाठीची. ती तरंगत्या धक्क्याला धडका देत होती. धक्क्याचा रखवालदार धावत आला, दोन जाड दोर आणि बागेच्या पाइपाचे तुकडे माझ्या हातात कोंबून म्हणाला, "प्रत्येक दोराला जोड द्या. दोर घासतो तिथे पाइप चढवा, नाहीतर तासाभरात तुटेल. बाकी साहेबांना विचारा." आणि पळाला.

साहेबांना फोन लावला.

"आधी नाळ बघ!" हे ओरडले.

"कोणाची?"

"बोटीची! पुढचं टोक!"

"मग तसं म्हणा ना. मी आजवर नाळ दिसली की कापत आलेय."

"कापू नकोस!" यांचा आवाज एवढा चिरका झाला की हेडबाईंनी फोन काढून घेतला, "दादा, तू पाय वर करून पड," म्हणाल्या आणि बंद करून खिशात टाकला.

पुढचा तासभर आम्ही राबलो. धडका झेलणारे रबरी फुगे धक्क्याच्या बाजूला सरकवले, दोर दुहेरी केले. पाइप जागेवर राहीना, तेव्हा मी पर्समधलं क्रेप बँडेज काढून तो घोट्याला बांधतात तसा बांधला. हेडबाईंनी वाकून बघितलं आणि पुढचा पाइप माझ्या हातात दिला. म्हणजे पास.

तेवढ्यात एक झोत असा आला की तारेभोवती गुंडाळलेल्या पुढच्या शिडाचं एक टोक सुटलं. ते फटाफट वाजायला लागलं आणि बोट पिसाळल्यासारखी हिसके देऊ लागली. कुणीतरी पुढे जाऊन शीड आवळणं भाग होतं. माझे गुडघे तर जिन्यालाही घाबरतात.

हेडबाई गेल्या. आधी रांगत, मग चक्क पोटावर सरपटत. जिच्या चाहुलीने दोन हजार मुलं चिडीचूप व्हायची, ती बाई ओल्या शिडाला मिठी मारून नाळेवर बसली होती. मी दोर फेकला. त्यांनी तो शिडाभोवती फिरवून परत दिला. शिट्टी वाजली, मी ओढला. पुन्हा फेकला, पुन्हा शिट्टी. चौथ्या वेढ्याला त्यांनी शिट्टी थुंकली.

"वहिनी, त्या वेळापत्रकाचं—"

"काय?"

"माझं चुकलं!"

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. "वाऱ्यात काही कळत नाही!" मी ओरडले.

"माझं चुकलं!"

"काय कुचकं?"

शेजारच्या बोटीवरचे टक्कलवाले गृहस्थ कंटाळून म्हणाले, "अहो बाई, त्यांचं चुकलं म्हणताहेत! आता ओढा तो दोर!"

मी ओढला. "मीही फाडायला नको होतं," मी म्हटलं.

"नकोच होतं. दोन दिवस लागले होते मला. गाठ मार!"

मारली. मग आम्ही केबिनमध्ये घुसलो. बोट अशी डुलत होती की हेडबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि यांच्या सोनेरी नांगरवाल्या कॅप्टनच्या टोपीत भडाभडा ओकल्या. मी त्यांची पाठ चोळली.

"आईची पाठ अशीच चोळायचीस?" त्यांनी तोंड पुसत विचारलं.

"हात लावू देतील तर ना. माझे हात खरखरीत आहेत म्हणायच्या."

"माझे गार," हेडबाई म्हणाल्या. आणि मग दोघींना असं हसू फुटलं की त्यांना पुन्हा टोपी लागली.

चारच्या सुमारास वारा पडला. एक फुगा फुटला होता, कठडा थोडा वाकला होता आणि शीड वीतभर फाटलं होतं. टक्कलवाल्यांची शिडी मात्र समुद्रार्पण झाली होती. रखवालदार आमच्या गाठी तपासून म्हणाला, "मस्त बांधलीत. पण साहेब हिला कधी बाहेर नेणार? दोन वर्षांत दोर सोडलेला नाही. येतात, झोपतात, जातात."

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

घरी पोचलो तेव्हा हे उशीवरून अर्धे उठले. "बोट कशी आहे?"

"तुझ्यासारखीच, बांधलेली," हेडबाई म्हणाल्या. "शनिवारी आम्ही दोघी ती बाहेर काढतोय. शिकवायला ते टक्कलवाले तयार आहेत."

हे काय म्हणाले ते ऐकायला मी थांबले नाही. गिझरमध्ये गरम पाणी एकीपुरतंच होतं, आणि हेडबाई रेनकोटासकट बाथरूमकडे धावल्या होत्या.