कपाटावरची बदकं

सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली, तरी नो मी-ओकचं गोष्टीकडे लक्षच नव्हतं. पडद्यावरची नायिका ज्या रबरी हातमोज्यांनी भांडी घासत होती, ते मोजे तिचे होते. डाव्या अंगठ्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं, आणि असं ठिगळ लावणारी दुसरी बाई सगळ्या सोल शहरात सापडली नसती. पाठोपाठ तिचं रामेन नूडल्स शिजवायचं पातेलं आलं, एक कान तुटलेलं. मग तिची दुलई आली.

"अहो, ही आपल्या घरातली भांडी आहेत," ती नवऱ्याच्या कानात पुटपुटली.

"हो," प्यो छांग-सिक वाळवलेला माकूळ चघळत म्हणाला.

"मला विचारलंत?"

"तू बुसानला होतीस."

जणू बुसानला फोनच लागत नाही! मुलीच्या बाळंतपणासाठी मी-ओक हिवाळ्यात दोन महिने तिकडे होती. परतली तेव्हा घरातली काडीही हललेली नव्हती. हलणार कशी? सिनेमाला लागणाऱ्या वस्तू जमवायच्या, सेटवर मांडायच्या आणि काम झालं की होत्या तशा परत ठेवायच्या, हेच तर छांग-सिक एकतीस वर्षं करत आला होता. भांडं पुसायच्या फडक्याची घडीसुद्धा त्याने जशीच्या तशी घातली असणार.

सिनेमा प्रेमाचा होता. पहिली दहा मिनिटं दोघं बसस्टॉपवर एकमेकांकडे बघून लाजत होती, लग्न झाल्यावर एकमेकांकडे बघेनाशी झाली. नेमकी तिथूनच मी-ओकची भांडी सुरू झाली. लाजण्याच्या भागातलं काहीही तिच्या घरातलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं.

सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक मा जे-हुन माइक घेऊन पुढे आला. चौतीस वर्षांचा पोरगा, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर जगाची चिंता. एका मुलीने उभं राहून विचारलं, "भांडी घासून झाल्यावर नायिका मोजे उलटे करून टांगते. तिचं मन असं आतून बाहेर आलंय, असं सुचवायचंय का?"

"तुम्ही बरोबर पकडलंत," दिग्दर्शक म्हणाला.

"अगं बाळा, आतून सुकावेत म्हणून उलटे करतात," मी-ओक पुटपुटली. शेजारची बाई हसली.

मग कुणीतरी बदकांचं विचारलं. मी-ओकला लग्नात मिळालेली लाकडी बदकांची जोडी पडद्यावर चार-पाच वेळा तरी दिसली होती, शेपटीला शेपटी लावून, दोघांची तोंडं दोन दिशांना. याचा अर्थ सांगायला दिग्दर्शक कशाला हवा? चोचीला चोच म्हणजे घरात सगळं ठीक, शेपटीला शेपटी म्हणजे बोलणं बंद. नव्या सुनेला हे पहिल्याच दिवशी सांगतात.

"त्याचं श्रेय माझं नाही," मा जे-हुन म्हणाला. "आमच्या प्यो साहेबांना मी एवढंच सांगितलं होतं, की ज्या घरात माया आटलीय अशा घरातल्या वस्तू हव्यात. दुकानातल्या नकोत, वापरलेल्या आणा. दुसऱ्याच दिवशी ते एका टेम्पोत सगळं घेऊन आले. एकाच घरातलं! कोणाचं ते विचारलं, तर सांगेनात."

टाळ्या पडल्या. छांग-सिक अर्धवट उठला, वाकला आणि खाली बसला. मी-ओकचे हात मांडीवरच राहिले.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. हा माणूस रागाने कधी बोलला नाही, पगार वेळेवर हातात दिला, तिच्या गुडघ्यांसाठी औषधी पट्ट्या न सांगता आणल्या. माया आटलेलं घर शोधायची वेळ आली तेव्हा मात्र तो रस्त्यावरसुद्धा उतरला नाही, सरळ स्वतःच्या कपाटाशी गेला. याच्या लेखी आपला संसार संपलाय का? संपला असेल तर कधी संपला? आणि आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही?

"बदकं तुम्हीच फिरवलीत ना, त्या पोराला खूश करायला?" तिने शेवटी विचारलं.

"मी नाही फिरवली."

"मग काय ती स्वतः फिरली?"

बस वळली आणि दोघांनी एकाच वेळी समोरची दांडी धरली.

घरी आल्यावर चपला काढून ती तडक कपाटाशी गेली. बदकं तिथेच होती, शेपटीला शेपटी. तिने कित्येक वर्षांत वर बघितलंच नव्हतं. ती तिथे आहेत म्हणजे चोचीला चोच असणार, हे ती धरूनच चालली होती.

"ठेवताना चुकलात तुम्ही!" तिला एकदम हायसं वाटलं. "सेटवर होती तशीच आणून ठेवलीत."

छांग-सिकने फोन काढला. घरातली वस्तू उचलण्याआधी त्याने प्रत्येकीचा फोटो घेऊन ठेवला होता. एका फोटोत बदकं शेपटीला शेपटी होती. पुढच्या फोटोत ती उचललेली होती आणि त्यांच्या जागी धुळीत दोन स्वच्छ ठसे उरले होते. एवढी धूळ साचायला वर्षं लागतात.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"नऊ वर्षं झाली. बाबांच्या श्राद्धाला मी आलो नव्हतो, शूटिंग लांबलं होतं. दुसऱ्या दिवशी घरी आलो तर बदकं अशी. मी समजलो."

"काय समजलात?"

"हेच की तुला मी नकोय. म्हणून मग बाजूच्या खोलीत झोपायला लागलो."

त्याला पहाटे चारला निघावं लागतं, आपली झोप मोडू नये म्हणून तो तिकडे झोपतो, असं मी-ओक नऊ वर्षं समजत होती. शेजारणींना कौतुकाने सांगतसुद्धा होती.

"तूच फिरवलीस ना?" तो म्हणाला. हे विचारायला एका सिनेमाची गरज पडली होती.

'नाही' म्हणणं सोपं होतं. तिने आठवून पाहिलं. दोन दिवस एकटीने तळलेली श्राद्धाची धिरडी आठवली, सासऱ्यांच्या फोटोपुढे थोरल्या मुलाच्या जागी दिराने घातलेला दंडवत आठवला, राग तर कालचा असावा तसा आठवला. मग ओलं फडकं घेऊन कपाट पुसल्याचंही आठवलं. फडक्याच्या धक्क्याने बदकं फिरली की तिने मुद्दाम फिरवली, तेवढंच काही केल्या आठवेना.

"मला नाही आठवत," ती म्हणाली. "खरंच नाही आठवत. रागावले होते, एवढं खरं."

"मी रोज सकाळी बघायचो."

"काय बघायचात?"

"तू परत फिरवलीस का ते."

"अहो, मग हात नव्हते तुम्हाला? फिरवायची होतीत स्वतः!"

"दुसऱ्याने मांडलेली वस्तू मी हलवत नाही," छांग-सिक म्हणाला. सेटवर नव्या पोरांना तो हाच पहिला नियम शिकवायचा.

याला झोडपावं की याच्या गळ्यात पडावं, तिला कळेना.

"त्या खोलीतली फरशी तापत नाही," ती म्हणाली. बाकीचं घर हिवाळ्यात फरशीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांनी उबदार राहायचं. "नऊ हिवाळे तुम्ही गार फरशीवर झोपलात. आणि मी दुलईसुद्धा आणून दिली नाही, कारण मला वाटलं, तुम्हाला तिथेच बरं वाटतं."