हात वगळून

अमरेशने रिकामा तळहात कॅमेऱ्यापुढे धरला आणि पडद्यावर लगेच उत्तर उमटलं: तेल्या, शक्यता त्र्याण्णव टक्के. खोलीतल्या पोरी खो खो हसल्या. डाळिंबाचं पान नाही, फळ नाही, नुसता साबणाने धुतलेला माणसाचा हात, आणि यंत्र म्हणतंय रोग लागलाय. उत्कर्षाही हसली, पण तिचं हसू बाकीच्यांच्या आधी संपलं.

सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या त्या माडीवर आठ महिने हेच काम चाललं होतं. शेतकऱ्यांनी मोबाइलवरून पाठवलेले डाळिंबाच्या पानांचे फोटो उघडायचे, डागाभोवती चौकट आखायची, रोगाचं नाव लिहायचं. अशी हजारो पानं बघून यंत्र रोग ओळखायला शिकणार होतं. शिकलंही, पण भलतंच. निरोगी पानांचे फोटो कंपनीच्या माणसांनी झाडावरच काढले होते. रोगट पान मात्र शेतकरी चिमटीत धरून पुढे करतो, डॉक्टरला जीभ दाखवावी तसं. शहाण्या यंत्राने डागांकडे बघितलंच नाही. जिथे हात तिथे रोग, एवढंच ते पाठ करून बसलं.

अमरेश त्या ऑफिसचा प्रमुख. त्याने फर्मान काढलं की शनिवारपर्यंत सगळ्या फोटोंतले हात कापायचे. पान तेवढं ठेवायचं, आणि बोट पानावरच आलं असेल तर तो फोटोच पुसून टाकायचा.

उत्कर्षा जागेवर जाऊन बसली. यंत्र जे म्हणत होतं ते तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. केम गावच्या त्यांच्या डाळिंबाच्या बागेत सलग दुसऱ्या वर्षी तेल्या आला, तेव्हा ती दिवाळीला घरी होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी जेवताना ती वैतागून वडिलांना म्हणाली,

"आप्पा, तुमच्या हातालाच यश न्हाय."

आप्पांनी पानातली भाकरी संपवली, उठून हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती सोलापूरला परतली. पुढे उन्हाळ्यात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि आप्पा गेले. बाग चुलत्याने काढून टाकली. माफी मागायची राहिली ती राहिलीच, आणि त्याचं तिला रोज वाईट वाटे.

फोटोखाली शेतकऱ्याचं नाव नसे, गाव आणि वेळ-तारीख तेवढी. आजवर तिच्या वाट्याला सांगोल्याकडची पानं आली होती. शुक्रवारी दुपारी यादीत केम आलं. पहिलाच फोटो उघडला आणि तिचा हात माउसवर थांबला. पान धरलेल्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध उभं दुभंगलेलं होतं. विहिरीवरच्या मोटारीच्या पट्ट्यात आप्पांचा अंगठा सापडला तेव्हा ती तिसरीत होती, आणि त्यावर हळद तिनेच दाबून धरली होती.

असे एक्केचाळीस फोटो निघाले. शेजारच्या नाजनीनने आपलं काम उरकून तिची अर्धी यादी मागितली. उत्कर्षाने दिली नाही. परक्याने कापण्यापेक्षा आपण कापलेलं बरं, असं तिला वाटलं. एकेक डागाळलेलं पान ठेवत ती आप्पांचा हात वगळत गेली. चाळीस झाले.

शेवटच्या फोटोत अंगठा पानावरच होता. म्हणजे हा पुसायचा. पुसण्याआधी तिने तो मोठा करून डाग शोधला. सापडला नाही. पुन्हा शोधला. नव्या पालवीचं लालसर, कोवळं पान होतं आणि त्यावर एकही डाग नव्हता. रोगट पानांचे फोटो मागितले असताना या माणसाने चांगलं पान पाठवलं होतं. तिने खालची तारीख वाचली. भाऊबीजेचा दुसरा दिवस, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. त्या वेळी ती गाडीत होती.

तिने डोळे पुसले आणि अमरेशला बोलावलं.

"सर, हा ठेवायचा."

"अंगठा आलाय की पानावर. काढून टाक."

"पान चांगलं आहे. हातात असूनही चांगलं आहे. हे दाखवल्याशिवाय यंत्राला कळणार कसं?"

अमरेशने वाकून पाहिलं. त्याला ते पटलं, तसं तो म्हणालाही. मग पुढे म्हणाला,

"पण एका फोटोनं त्याचं मत बदलत नसतंय, उत्कर्षा. असले हजारभर लागतात."

"माहीत आहे."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, ठेव म्हणाला आणि आपल्या टेबलाकडे गेला.

तिने पानाभोवती चौकट आखली. मग चौकटीचा कोपरा धरून हळूच बाहेर ओढला, इतका की दुभंगलेलं नख आत आलं. रोगाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'निरोगी'.

पडद्यावर सूचना आली. यंत्राच्या मते तेल्या, शक्यता शहाण्णव टक्के. आपलं उत्तर बदलायचं आहे का?

भाऊबीजेच्या संध्याकाळी तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तिने 'नाही' दाबलं आणि बराच वेळ तो फोटो बंद केला नाही.