सामान छतावर, माणसं आत

बायको वसुंधरा गेल्याचा फोन आला तेव्हा देवराव देवरीजवळ गाडी चालवत होते. दसऱ्यासाठी दीक्षाभूमीला निघाले होते सगळे. गाडी छोटी. मुलगा सुमेध, सून उत्कर्षा, नात प्रांजली बसले की उरलेली जागा गाद्या आणि भांडीच खाऊन टाकायची. म्हणून दरवर्षी वसुंधरा बाकीचं सामान घेऊन रेल्वेने जायची. त्या दिवशी गोंदियाजवळ तिच्या छातीत दुखलं. डब्यातल्या एका अनोळखी बाईने तिच्याच फोनवरून कळवलं.

वर्ष होत आलं. दसऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा देवराव जेवता जेवता म्हणाले, "औंदा कोणीच रेल्वेनं जाणार नाही. सगळे एका गाडीत. नाही जमलं, तर मी येतच नाही."

"अन् सामान?" सुमेधने विचारलं.

"छतावर. कॅरिअर मी बनवतो."

तीस वर्षं स्टील प्लांटात वेल्डिंग केलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळीच रुआबांध्याच्या बाजारातून लोखंडी अँगल आले. पाठोपाठ जुना जोडीदार चंपतही आला. दोघांनी अंगणात तीन दिवस ठिणग्या उडवल्या. देवरावांना चहाचीही आठवण राहिली नाही. चौथ्या दिवशी कॅरिअर उचलायला गेले, तर दोघांना तो जागचा हलेना.

सुमेध आणि उत्कर्षा बाहेर आले. सुमेध म्हणाला, "बाबा, याच्यावर का भट्टी ठेवून राहिले?"

"मजबूत पाहिजे ना बे!" चंपत म्हणाला.

चौघांनी मिळून तो दुकानातून मागून आणलेल्या वजनकाट्यावर उभा केला. अठ्ठावन्न किलो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं, छतावर फार तर पन्नास. एकही पिशवी न ठेवता आठ किलो जास्त!

"तुमी प्लांटवाले," उत्कर्षा म्हणाली, "पाळण्यालेही गर्डर लावान."

देवराव इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. मग उठले आणि न्हाणीमागे पडलेली अ‍ॅल्युमिनियमची घडीची खाट ओढून आणली. पाइप कापले, नटबोल्टने जोडले, गाडीचा रंग खरवडू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले. दसऱ्याला दोनच दिवस होते. कॅरिअर पुन्हा काट्यावर चढला.

"नऊ!" प्रांजली ओरडली. "आबा, सिर्फ नऊ!"

गाद्या, बॅगा, भांड्यांचं पोतं वर गेलं. एकेक वस्तू मोजून ठेवली, अडतीस किलोवर थांबले. वरून ताडपत्री, दोर, चंपतच्या गाठी. सगळे गाडीत बसले आणि सिविक सेंटरच्या बाजारापर्यंत चाचणीची चक्कर मारायला निघाले. वाटेतला एकही स्पीड ब्रेकर देवरावांनी सोडला नाही.

"हिला भी नहीं, आबा! और तेज!"

"तुही आजी असती तर माहा कान धरला असता," देवराव म्हणाले आणि पुढच्या ब्रेकरवर गाडी घातलीच.

घरी येऊन त्यांनी दोर तपासले. बोटभरही काही सरकलं नव्हतं. सुमेधने बापाच्या पाठीवर थाप मारली. "जमलं, बाबा. परवा पहाटे पाचला निघू."

"येतो बाप्पा," देवराव म्हणाले. "येतो म्हणजे येतोच."

उत्कर्षाने मागचं दार उघडून पाहिलं. आत सामान नव्हतंच, त्यामुळे मागच्या सीटवर एक माणूस आरामात मावेल एवढी जागा होती.

"मी येऊ का मंग?" चंपतने विचारलं.

देवरावांनी वाकून त्या सीटवर हात फिरवला; गेल्या वर्षी एवढी जागा असती तर वसुंधरा तिथेच बसली असती. त्या जागेवर कोणाला बसवायचं, ते अजून ठरायचं आहे.