तीन कोऱ्या ओळी

१९ मार्च रोजी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी बॉयलर खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी बॉयलरच्या नोंदवहीचे एकशे बारावे पान उघडले आणि पेन्सिलीचे टोक टेकवत कोऱ्या ओळी मोजल्या. तीन. मग खालून वर मोजल्या. तीनच. १४ तारखेच्या सव्वादहा, साडेदहा आणि पावणेअकरा या वेळांपुढे काही लिहिलेले नव्हते. वरची दहाची आणि खालची अकराची नोंद मात्र एकाच नीटस अक्षरात जागच्या जागी होती.

"दुसरा कोणी असता तर मागाहून भरून मोकळा झाला असता," कापडगिरणीचा मॅनेजर खुर्चीत रेलत म्हणाला. "ह्या गृहस्थाला तेवढंही सुचलं नाही."

तो गृहस्थ, म्हणजे गिरणीचा बॉयलरवाला, टेबलापलीकडे हात मागे बांधून उभा होता. बावीस वर्षांची नोकरी, परवान्यावर एकही डाग नाही. त्याला कोणी बस म्हटले नव्हते.

साहेबांनी त्याचा लेखी जबाब मोठ्याने वाचला. "'दहा बाराला गेज पाहिला, प्रेशर सात होते. त्यानंतर अकराला पाच कमी असेपर्यंत देव तिथे होता. नोंदी राहिल्या.' हे तुमचंच अक्षर?"

"हो, साहेब."

"गेटच्या वहीत बाहेरचं कोणी आत आल्याची नोंद नाही," मॅनेजर म्हणाला आणि स्वतःच हसला. साहेब हसले नाहीत.

"दिसला?"

"नाही."

"आवाज? उजेड?"

"आवाज बॉयलरचाच. उजेड खिडकीतून येतो तेवढाच."

"मग आला कुठून?"

"आला नाही, साहेब. होताच. इतकी वर्षं माझंच लक्ष नव्हतं."

"न दिसता, न ऐकू येता तुम्हाला कळलं कसं?"

"हात भाजला तर तो दिसावा लागतो का?"

साहेबांनी पेन्सिल वहीला समांतर ठेवली, मग पुन्हा उचलली. घरी त्यांची एक ताठ पाठीची खुर्ची होती. रोज सकाळी पाच ते पाच वीस, समोर घड्याळ ठेवून आणि डोळे मिटून ते तिच्यावर बसत. सव्वीस वर्षांत आजारपणाचे अकरा दिवस सोडले, तर खंड नव्हता. डोळे उघडल्यावर समोर घड्याळ असे. एवढेच. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, आणि शर्टाचे वरचे बटण तुटलेल्या या माणसाला तर सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

"नीट ऐका," ते म्हणाले. त्यांचा आवाज मॅनेजरलाही दचकवण्याइतका कोरडा होता. "कामावर झोप लागली, तर तीस दिवस निलंबन, परवाना कायम. मनाचा तोल ठीक नाही, तर परवाना रद्द. कायमचा. देव असा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही."

"आणि नुसती नोंद चुकली तर?"

"नोंदीमागे एक दिवस. पण तो भट्टी सांभाळत असलेल्या माणसाला. तुम्ही तिथे नव्हता."

"होतो, साहेब. तेवढा तर कधीच नव्हतो."

"दुपारी दोनपर्यंत ठरवा," साहेब म्हणाले. "झोप की वेड."

दुपारी बाहेरच्या बाकावरचे बोलणे उघड्या दारातून आत येत होते. बॉयलरवाल्याची बायको त्याच गिरणीत पॅकिंगला होती. जेवणाची सुट्टी होताच ती धावत आली होती.

"अहो, झोप लागली म्हणून टाका ना. माणसाला झोप लागते."

"लागली नव्हती गं."

"मग माझ्यासाठी लागली म्हणा. घरी खिडक्या हलतील एवढे घोरता, इथली एक डुलकी कबूल करायला काय जातं तुमचं?"

"तेवढं सोडून काहीही सांग."

"तेवढंच सांगतेय मी. परवाना गेला की ह्या वयात कोण उभं करणार तुम्हाला? उद्यापासून देव येणारे का डबा भरून द्यायला?"

मग तिचा आवाज खाली आला.

"मी खोटं म्हणत नाही तुम्हाला. झालं असेल. पण त्या माणसाला कशाला देता ते? बघा तरी तोंड त्याचं."

साहेबांनी उठून दार लावले.

दोन वाजून दहा मिनिटांनी बॉयलरवाला आत आला आणि उभ्यानेच लिहू लागला. पहिल्याच शब्दाला त्याचे पेन अडले, तेव्हा साहेबांनी तत्परतेने आपले पुढे केले. त्याने लिहिले: 'मला झोप लागली होती.' सही केली, पेन टोपण लावून परत दिले आणि निघून गेला.

"सुटलो!" मॅनेजर म्हणाला. "देवही सुटला बिचारा." तो चहा सांगायला गेला.

साहेबांना बरे वाटत होते. चांगले जेवण झाल्यावर वाटते तसे. त्यांनी कागद क्रमाने लावले आणि पाचव्या क्रमांकाला त्यांचा हात थांबला. तो कागद तिथे नव्हताच. प्रेशरचा गोल चार्ट. बॉयलरवरचे पेन दिवसभर स्वतःहून रेघ ओढते, तो कागद. नियमाप्रमाणे तो जबाबाच्या आधी पाहायचा असतो. चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही हा क्रम मोडला नव्हता. या वेळी तो मागवायचेच त्यांच्या मनात आले नव्हते.

स्टोअरकीपरने चौदा तारखेचा आणि त्याआधीच्या महिन्याचे सगळे चार्ट आणून दिले. साहेबांनी चष्मा पुसला. रंगखात्यात रोज दहा वीसला दोन मोठ्या टाक्यांना वाफ सोडतात, त्यामुळे प्रत्येक चार्टवर त्या जागी रेघ आत वाकलेली होती. कधी नखाएवढी, कधी त्याहून जास्त. चौदा तारखेला रंगखात्याने वाफ वेळेवरच घेतली होती. पण रेघ वाकलेली नव्हती.

त्यांनी बॅगेतून परकार काढला, टोक मध्यावर रोवले आणि दुसरा पाय रेघेवर ठेवून फिरवला. दहा बारापासून दहा पंचावन्नपर्यंत तो रेघेवरून केसभरही ढळला नाही. त्यानंतर रेघ पुन्हा नेहमीसारखी थरथरू लागली होती.

पेन अडकले असणार, असे म्हणत ते बॉयलरखोलीत गेले. तीन वेगवेगळ्या प्रेशरला त्यांनी पेन तपासले. तिन्ही वेळा ते बिनचूक निघाले.

खोलीत ऊब होती, एकसुरी घरघर होती, खिडकीतून येतो तेवढाच उजेड होता. साहेब भट्टीपुढे उभे राहिले. तरुणपणी त्यांनी स्वतः दोन वर्षे बॉयलर सांभाळला होता. रेघ अशी राहायची, तर टाक्या उघडण्याच्या दोन मिनिटे आधी कोळसा पडायला हवा, हवेची झडप, म्हणजे डँपर, बोटभर उघडायला हवा, मग पाण्याचा पंप, मग पुन्हा डँपर. झोपलेल्या माणसाच्या हातून हे होत नाही. आणि जागा असताना साहेबांच्या हातूनही ते कधी इतके नीट झाले नव्हते.

चारला त्यांनी बॉयलरवाल्याला एकट्याला बोलावले.

"बसा."

तो बसला नाही.

"दहा वीसच्या आधी डँपर कोणी उघडला?"

"तिथे मीच होतो."

"आठवतं?"

"नाही, साहेब. हाताला आठवत असेल."

साहेबांनी पट्टी लावून दुपारच्या जबाबावर दोन तिरप्या रेघा मारल्या आणि बाजूला 'असत्य' असे लिहून सही केली. मग वही मिटली. पेनाला टोपण लावले. लावलेले टोपण पुन्हा दाबले.

"हे कुठे लिहिलं जाणार नाही," ते म्हणाले. "नुसतं विचारतो. कसं होतं ते?"

बॉयलरवाल्याने त्यांच्याकडे पाहिले. नजरेत कसलीही आदब नव्हती.

"मी झोपलो होतो ना, साहेब. तुमच्याच पेनाने लिहून दिलंय."

बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला. तो संपेपर्यंत दोघेही उभे होते.

"मी रोज सकाळी बसतो," साहेब म्हणाले. ते टेबलाशी बोलत असावेत असे वाटत होते. "वीस मिनिटं. सव्वीस वर्षं झाली."

"घड्याळ लावून?"

"हो."

बॉयलरवाल्याने मान हलवली.

"मग तुमच्या नोंदी पुऱ्या असतील," तो म्हणाला आणि दार न लावता निघून गेला. बाकावरून उठलेल्या बायकोच्या चपलांचा आवाज त्याच्या मागोमाग जिन्यावरून उतरत गेला.

साहेब खाली बसले. त्यांनी नवा फॉर्म घेतला आणि नेहमीच्या अक्षरात तो भरला. भट्टीवर देखरेख: पूर्ण. झोप: शून्य मिनिटे. चुकलेल्या नोंदी: तीन. कारणाच्या रकान्यावर पेन थोडा वेळ थांबले, आणि तो रकाना त्यांनी कोराच ठेवला.

परवाना कायम. निलंबन: ३ दिवस.