मागच्या इंजिनात

गिरिधर भोयरचा हात सवयीने हँडलकडे गेला, तसा त्याने तो ओढून घेतला आणि सरळ मांडीखाली दाबून बसला. मेली सवय, जाता जात नाही! इंजिन धडधडत होतं, सीट हलत होती, भंडारा रोड मागे पडलं होतं. पण आज गाडी त्याच्या हातात नव्हतीच. कोळशाच्या मालगाडीला पुढे दुसरंच इंजिन होतं आणि त्याच्या पाठीला बांधून हे जुनं डिझेल नागपूरला दुरुस्तीला चाललं होतं. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही, म्हणून ते नुसतं चालू ठेवायचं. ओढायचं काहीच नाही. ते चालू राहतंय ना, एवढं बघायला गिरिधर आणि त्याचा सहायक प्रीतम मेश्राम.

"आज मजा हाये काकाजी," प्रीतम म्हणाला. "बसल्या बसल्या नागपूर."

"मजा कायची गा? नवरदेवाच्या घोड्यावर मागं पोट्टं बसवते, तसे बसून राहिलो आपण."

दोघंही हसले. आणि खरं सांगायचं तर कितीतरी महिन्यांनी गिरिधरच्या छातीवरचा धोंडा आज उतरला होता.

गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या डोळ्यांनी दगा दिला होता. लाल काय, हिरवा काय, सगळे दिवे सारखेच दिसायचे, पाण्यात कालवलेल्या चुन्यासारखे. डोळ्याची नस सुकत चालली आहे, असं रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं. काम काय करता, असं त्यांनी विचारल्यावर हा बेधडक म्हणाला, किराणा दुकान. रेल्वेची तपासणी अजून लांब होती. आताच सांगितलं तर इंजिनावरून खाली उतरवून एखाद्या ऑफिसात फायली उचलायला बसवतील. पगार बुडणार नव्हता. भीती खाली उतरण्याची होती. इंजिनाशिवाय आपण कोण, हे पन्नाशी उलटून गेली तरी त्याला माहीत नव्हतं.

मग चालवत कसा होता? प्रीतमच्या तोंडाने. सिग्नल आला की दोघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहायचं, एकाने हात वर करून रंग सांगायचा, दुसऱ्याने तोच पुन्हा बोलायचा, असा नियम. हा प्रीतमचं ऐकून बोलायचा, आणि इतक्या झटकन की पोराला शंकाही येऊ नये. घरी पोचल्यावर बायकोने, पंचफुलेने, वाढलेलं ताट तो तसंच सरकवून ठेवी. आपण एक दिवस कोणाचा तरी जीव घेणार, हे त्याला पक्कं कळत होतं. आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हा बाबा पुन्हा कामावर हजर!

आज मात्र ती धास्ती नव्हती. कन्हान जवळ आलं. दुपार असूनही हवा धुरकट होती. खिडकीबाहेरून सिग्नलचा खांब सरकला, आणि खुशीच्या भरात गिरिधरनेच हात वर केला.

"हिरवा!"

गाडी झपाट्यात चालली आहे म्हणजे हिरवाच असणार, त्यात पाहायचं काय?

प्रीतमने वळून त्याच्याकडे पाहिलं. रंग मात्र पुन्हा बोलला नाही.

"काहून गा, झोपला का?"

"नाही, काकाजी."

तो उठला, उगीच तेलाचा काटा बघून आला, पुन्हा बसला. नदीचा पूल गेला. पुढच्या खांबापाशी त्याने हात वर केला, पण आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"हिरवा."

"हिरवा!" गिरिधरने खांबाकडे पाहिलंसुद्धा नाही.

कामठीच्या अलीकडे आणखी एक सिग्नल आला.

"पिवळा," प्रीतम म्हणाला.

"पिवळा!"

गाडी सुसाटच होती. पिवळा असेल तर पुढच्याने ब्रेक लावायला हवा होता. काहून लावत नाही हा? गिरिधर पुढे वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

पुढचं इंजिन सिग्नल ओलांडतं, त्याच क्षणी तो लाल होतो. मागे बांधलेल्या इंजिनातून जाताना प्रत्येक सिग्नल लालच दिसतो. हिरवा नाही, पिवळा नाही. नव्या पोरांना हे त्यानेच हसत हसत शिकवलं होतं. प्रीतमलाही.

प्रीतम खिडकीबाहेर पाहत होता. त्याचे डोळे भरले होते.

"कधीपासून, काकाजी?"

"पावसाळ्यापासून."

गिरिधरला लाज वाटली, इतकी की कुठे तोंड लपवू असं झालं. पण त्या लाजेच्या तळाशी थोडं हायसंही वाटलं. सुटलो एकदाचा.

"नागपूरले उतरलो का मीच सांगतो साहेबाले," तो म्हणाला. "तुह्या मानेवर नको हे."

"मले बी सांगा लागंन."

"तू काहून? तुह्यी काय चूक?"

प्रीतमने बाहीने नाक पुसलं.

"रात्रपाळीत डोळा लागे माहा. लई खेपा न पाहताच हिरवा बोललो मी, अंदाजानं. मागून तुमचा आवाज आला का वाटे, चला, काकाजीनं पाहिलं हाये."

गिरिधर उठून खिडकीशी गेला. कामठीचं फाटक आलं. पलीकडे ऑटोवाले, सायकलवर दोन पोरी, कडेवर लेकरू घेतलेली एक बाई, सगळे गाडी जायची वाट पाहत निवांत उभे होते.